लॅबची खिडकी पुन्हा निघाली आहे

आमची पहिली भेट खिडकीतून झाली. तो आत अडकलेला, मी बाहेर, आणि मधे गंजून बसलेलं एक दार.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मला नोकरीला लागून तेव्हा दोनच दिवस झाले होते. सगळ्या शहराची घाण जिथे येते आणि निवळून नदीला जाते, ती जागा. तिथे काम करते म्हटलं की लोक अजूनही बोलता बोलता एक पाऊल मागे सरकतात. सरकोत बापडे. माझं काम मुळात पाण्याचं नव्हतंच, इमारतींचं होतं. दारं, खिडक्या, नळ, कड्या, बिजागऱ्या, पंखे, गळकी छपरं. आणि तिथे बिघडायचंही फार. टाक्यांतून जो वायू उठतो त्याने पितळेला काळं चढतं आणि लोखंडाला बघता बघता गंज धरतो. बाहेर दहा वर्षं टिकणारी कडी तिथे दोन वर्षांत म्हातारी होते.

त्या सकाळी निरोप आला की लॅबचं दार आतून उघडत नाहीये. आमचे मिस्त्री छपरावर होते. ते देखभाल विभागाचे प्रमुख आणि माझे गुरू. वरूनच म्हणाले, "जा पोरी, बघून ये. दारच आहे, चावत नाही."

मी गेले. ओढलं, ढकललं, खांदा लावला. दार ढिम्म. पिशवीतून छिन्नी काढत होते, तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली आणि जाळीच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात रिकामी काचेची बाटली.

"बाई, दार नंतर बघा. आधी एवढी भरून आणाल का?"

"काय?"

"अकराचा नमुना आहे. दर दोन तासांनी पाणी तपासावं लागतं. पाच मिनिटं राहिलीत, आणि मी तासभर इथे कोंडलेलो आहे. शेवटच्या टाकीतून आणा फक्त."

मी धावले. आता शेवटची टाकी कुठली, हे माणूस कुठून मोजतो त्यावर असतं. मी आमच्या शेडकडून मोजली. बाटली भरून आणली आणि खिडकीतून आत दिली. त्याने ती उजेडात धरली. आतलं पाणी काळंकुट्ट होतं.

"हे आपण नदीला सोडत असू तर..." तो शांतपणे म्हणाला, "...उद्या आपल्या दोघांना पकडून नेतील. ही पहिली टाकी आहे हो."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. पुन्हा धावले, या वेळी दुसऱ्या टोकाला. स्वच्छ पाणी आणून दिलं तर त्याने घड्याळ बघून बाटलीवर लिहिलं, अकरा वाजून सात मिनिटं.

"अकरा लिहा की," मी म्हटलं. "सात मिनिटांनी काय बिघडतं?"

"काहीच नाही. पण झाले सात, तर सातच लिहायचे."

नाकाने कांदे सोलणारा दिसतोय, मी मनात म्हटलं. मग छिन्नी घालून मी दार उघडलं. बारीक अंगाचा, चष्मेवाला, पांढऱ्या एप्रनच्या खिशात तीन पेनं, कोपरापर्यंत धुतलेले हात, अंगाला साबणाचा वास. त्या जागी साबणाचा वास म्हणजे केवढी चैन होती ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. मी जरा जास्तच वेळ दार तपासत राहिले.

सगळे त्याला बाटलीवाला म्हणायचे. पुढे महिन्याभरात मलाही नाव पडलं, पक्कड. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून.

नोकरी मात्र अजून पक्की नव्हती. वर्षभर काम बघून मग कायम करणार होते. आमच्या विभागात मी पहिलीच बाई. मिस्त्रींनी वरच्या साहेबांना सांगितलं होतं, "पोरगी चांगली आहे, माझा शब्द." घरी आईनेही करार केला होता. म्हणाली, "एक वर्ष. कायम झालीस तर खुशाल गटारात राहा. नाही झालीस तर मामाच्या कापडाच्या दुकानात उभी राहायचं." मामा भला माणूस. पण त्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांनी उलगडलेलं कापड घडी घालावं लागतं, आणि घडी घालणं हे मला लहानपणापासून जमत नाही. मला स्क्रू आवळला की बरं वाटतं. तो आवळला जातो आणि राहतो.

लॅबच्या दारावर एक पाटी होती, 'कामाशिवाय आत येऊ नये'. ती मीच रंगवली होती, माझ्या पहिल्याच आठवड्यात. घाणीतून फिरणारे आम्ही, आणि तिथे सगळं निर्जंतुक. त्यामुळे त्यांचा चहा वेगळ्या खोलीत, आमचा शेडमध्ये. दोन माणसं सहज भेटावीत अशी जागाच त्या केंद्रात नव्हती. एकच वाट होती, तक्रारचिठ्ठी. काही बिघडलं की तीन प्रतींत चिठ्ठी भरायची. पांढरी आम्हाला, पिवळी तक्रार करणाऱ्याला, गुलाबी ऑफिसला.

दार दुरुस्त झाल्याला दहा दिवस झाले असतील. पांढरी चिठ्ठी आली, 'लॅबमधला नळ गळतो.'

मी गेले. नळ कोरडा ठाक.

"कुठे गळतोय?"

"आत्तापर्यंत गळत होता..." तो नळाकडे बघत म्हणाला. "तुम्हाला बघून घाबरला असेल."

मी वॉशर बदलला. न बदलून काय करणार, चिठ्ठी होती. पुढच्या आठवड्यात पंखा आवाज करायला लागला.

"कसला आवाज?"

"सांगता येत नाही. जरा बसून ऐकावा लागेल."

मी बसले. पाच मिनिटं आम्ही दोघं मान वर करून पंखा ऐकत होतो. नंतर आवाज सापडला. पात्यात कागदाचा कपटा अडकला होता. इतक्या उंचीवर कागद कसा चढला, असं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मग ड्रॉवर. मग कपाटाची बिजागरी. मग पुन्हा नळ. आणि मग खिडकी... तीच, जिच्यातून तो हात आला होता. तिच्या कडीचा स्क्रू निघाला होता. मी बसवला. पंधरा दिवसांत चिठ्ठी, 'लॅबची खिडकी पुन्हा निघाली आहे.'

आता स्क्रू काही मुका नसतो. योग्य हत्याराने फिरवला तर त्याची खाच सरळ राहते. नाण्याने फिरवला तर कडा चेपतात. मी तो स्क्रू तळहातावर घेऊन बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. तो परीक्षानळ्या मोजत होता. त्याच त्याच सहा नळ्या, तिसऱ्यांदा.

"बाटलीवाले."

"हं?"

"नाण्याने स्क्रूची वाट लागते."

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. मी पिशवीतून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याच्या टेबलावर ठेवला आणि खिडकी आवळून निघून आले. त्या दिवशी शेडपर्यंत चालत आले की तरंगत, मला ठाऊक नाही.

हे असं सुरू झालं. प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं, आपलं कुणाला कळत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आमच्या मनात तेवढंही नव्हतं. कधी नळ, कधी पंखा, कधी तीच खिडकी, आठवड्या-पंधरवड्याला काही ना काही निघायचं, मी जायचे, दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं करायचे.

एकदा त्याने मला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. टाकीतल्या गाळाचा एक थेंब. मला वाटलं किळस येईल. डोळा लावला, तर आत एक वेगळंच गाव होतं. लांब देठांवर उभ्या नाजूक घंटा, डुलणाऱ्या. मधेच काही हललं की सगळ्यांचे देठ झटकन आखडायचे, आणि मग हळूच पुन्हा उलगडायचे.

"घाबरतात," तो माझ्या कानाशी म्हणाला. "पण लगेच परत उघडतात. हेच जंतू पाणी निवळतात. आपण नुसती त्यांना हवा देतो."

"तुमच्यासारखेच आहेत," मी म्हटलं.

"कसे?"

"जरा कोणी बोललं की आखडायचं."

तो हसला. त्याची बाही माझ्या बाहीला लागली होती आणि दोघांपैकी कोणीही हात मागे घेतला नाही. बाहेर टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज सतत घुमत असायचा. केंद्रात सगळेच ओरडून बोलायचे, घरी जाऊनही ओरडायचे. हळू बोलता येईल अशी ती एकच खोली होती. मला तो हळू आवाज फार आवडायचा. आजही आवडतो.

आता त्या केंद्रातली मिस्त्री मी आहे. नमुने यंत्र घेतं, तक्रारी फोनवर येतात, आणि कार्बनचे डाग बोटांना लागत नाहीत. सोयीचं आहे सगळं. पण पांढऱ्या चिठ्ठीवरचं अक्षर ओळखून मी जशी पिशवी उचलून निघायचे, तसं फोनवर होत नाही, एवढं खरं.

अकरा महिने झाले आणि साहेबांनी मला बोलावलं. साहेब नवे होते, सहा महिन्यांपूर्वीच आलेले. कडक, पण कुणावर अन्याय करणारे नव्हते. मिस्त्री आधीच येऊन बसले होते, धुतलेला शर्ट घालून. मला कायम करणार म्हणून ते तयारीने आले होते.

साहेबांच्या पुढ्यात गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"बाई, तुमचं काम उत्तम आहे असं मिस्त्री सांगतात. बाकी सगळीकडचे कागदही तेच सांगतात. लॅबचे सांगत नाहीत." त्यांनी एक चिठ्ठी वळवून दाखवली. वर लाल शिक्का, 'परत'. "दुरुस्ती केल्यावर महिन्याच्या आत तीच तक्रार आली, की आम्ही हा शिक्का मारतो. वर्षात पाच शिक्के झाले तर माणसाला कायम करायचं नाही असा माझा नियम आहे. तुमचे चौदा आहेत. चौदाही लॅबचे."

मी त्या शिक्क्याकडे बघत राहिले. तो फक्त गुलाबी प्रतीवर पडायचा. मी कधी बघितलाच नव्हता.

"एका खिडकीला सहा वेळा," साहेब म्हणाले. "जिला खिडकीची एक कडी बसवता येत नाही, तिला मी कायम कशी करू? तुम्हीच सांगा."

सांगायला काय, एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हणजे त्याची नोकरी. सरकारी खिडकी मुद्दाम मोडणं, खोटी तक्रार करणं. आणि त्याची बढती आठ दिवसांवर आली होती. मी मूग गिळून बसले. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सोमवारी निर्णय देतो म्हणाले.

मिस्त्री माझ्याशी न बोलता तडक लॅबकडे गेले. अर्ध्या तासाने शेडमध्ये आले, समोर बसले.

"ती खिडकी बिघडत नाही, पोरी. बिघडवतात तिला."

मी खाली बघितलं.

"आणि तुला ठाऊक आहे." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले. "तीस वर्षांत कोणासाठी शब्द टाकला नव्हता मी."

मी उठून ब्लोअरच्या इमारतीमागे गेले. रडायचं असेल तर तिथे, कारण तिथे कोणाला काही ऐकू येत नाही. तो मला शोधत तिथेच आला. मिस्त्रींनी त्याला लॅबमध्ये काय ऐकवलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या आवाजात बोलायचं तर कानाला तोंड लावूनच बोलावं लागतं. किती दिवस मनात होतं की हा असा जवळ येऊन काही बोलावा... आणि आला तो असा.

"त्या शिक्क्याचं मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे होतं."

"मी साहेबांना सांगतो सगळं."

"नका सांगू. तुमची बढती जाईल. नोकरीही जाईल कदाचित."

"आणि तुमची?"

"मी कापड घडी घालीन," मी म्हटलं आणि पुन्हा रडले.

तो वळला आणि निघून गेला.

नका सांगू म्हटलं खरं. पण खोटं कशाला बोलू, मनातून मला वाटत होतं, याने माझं ऐकू नये. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. साहेबांकडून काही आलं नाही. शनिवारी दुपारी ऑफिसच्या काचेतून तो दिसला. कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. बढतीचे कागद भरतोय, मी मनात म्हटलं. भर बाबा. इतकं कडू मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी तोंड बंद ठेवलं, त्याने ते इतक्या निमूटपणे घ्यावं...

घरी आईने चेहरा बघितला. वाळलेले कपडे घडी घालायला माझ्यापुढे ठेवले आणि हळूच विचारलं, "मामाला कळवू का?"

"सोमवारी कळव," मी म्हटलं.

सोमवारी साहेबांच्या खोलीत गेले, तर तो आधीच उभा होता. हात मागे बांधून, मान ताठ. मिस्त्रीही होते. टेबलावर तोच गुलाबी गठ्ठा.

"बसा," साहेब मला म्हणाले. "शनिवारी यांनी माझ्याकडे हा गठ्ठा मागितला. नोंदी चुकल्या आहेत, दुरुस्त करायच्या आहेत म्हणाले. मी दिला. आता काय दुरुस्त केलंय ते ऐका."

लॅबची एक रीत असते. नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नाही, गिरगटायची नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे चूक वाचता येत राहते. बाजूला खरं काय ते लिहायचं आणि खाली सही, तारीख. साहेब वाचू लागले.

"'नळ गळतो.' यावर रेघ. बाजूला, 'नळ गळत नव्हता. मी थोडा उघडा ठेवला होता.' सही, तारीख. 'पंखा आवाज करतो.' रेघ. 'पंख्यात कागद मी अडकवला. त्यांनी दोन मिनिटांत काढला.' सही, तारीख. 'ड्रॉवर अडकतो.' रेघ. 'ड्रॉवर कधीच अडकला नाही. त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.'"

मिस्त्रींना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"'खिडकी पुन्हा निघाली आहे.' रेघ. 'स्क्रू मी काढला. त्यांनी बसवलेली खिडकी आपोआप निघत नाही.' हे सहा वेळा आहे. सहाही वेळा पूर्ण लिहिलंय, सहा सह्या." साहेबांनी शेवटची चिठ्ठी उचलली, मनात वाचली, चष्मा काढला आणि ती माझ्याकडे सरकवली. "ही तुम्हीच वाचा."

तेच अक्षर. तेच, जे बघून मी पिशवी उचलायचे.

'कारण: लॅबमध्ये कामाशिवाय येता येत नाही. मला त्या आवडतात. हे साधं वाक्य त्यांना सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून स्क्रू काढत राहिलो. त्यांच्या कामात दोष नाही.'

खाली सही, तारीख. वेळही टाकली होती. चार वाजून तेरा मिनिटं.

मी मान वर केली नाही. केली असती तर सगळ्यांसमोर रडले असते.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "चौदाही शिक्के रद्द. बाई, तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला कायम करायला माझी हरकत नाही. यांचं काय करायचं ते मी बघतो." त्यांनी पेन उघडलं.

मला फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. तो माझ्याकडे बघत होता आणि डोळ्यांनी सांगत होता, बोलू नका. मिस्त्री खुर्चीत सैल होऊन बसले होते, त्यांचा शब्द राहिला होता. आई घरी वाट बघत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ होती. एवढं सगळं त्याने लिहिलं, पण एक गोष्ट लिहिली नव्हती. मला वाचवायला ती एकच त्याने गाळली होती. सात मिनिटं सातच लिहिणाऱ्या माणसाने.

"साहेब," मी म्हटलं, "स्क्रूड्रायव्हर मी दिला होता."

पेन थांबलं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

"खिडकी पहिल्यांदा परत निघाली तेव्हाच मला कळलं होतं. नाण्याच्या खुणा होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, उलट हत्यार दिलं. मलाही... मलाही तिथे जायचं असायचं."

"हे तुम्ही का सांगताय?" साहेबांनी विचारलं. "मी सही करत होतो."

"कारण चूक दोघांची आहे. त्यांच्या एकट्याच्या नावावर कशी जाईल?" आणि मग बोलून टाकलं, एवढं बोलले होते तर तेवढंच कशाला मागे ठेवायचं, "मलाही ते आवडतात."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली, पण आवडल्याचा जबाब दोन्ही बाजूंनी लेखी-तोंडी मिळालेला हा पहिलाच." मग लगेच कडक झाले. त्याची बढती दोन वर्षांसाठी गेली आणि बदली झाली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या छोट्या उपसा केंद्रावर. मला कायम करणं सहा महिने पुढे गेलं. नोकरी दोघांचीही राहिली.

बाहेर आल्यावर मिस्त्री माझ्या शेजारून चालत होते. शेडपाशी थांबले. मग म्हणाले, "शब्द वाया नाही गेला माझा." आणि खवचटपणे पुढे, "अक्कल तेवढी गेली तुझी."

घरी आईला सगळं सांगितलं. वर्ष संपत आलं होतं आणि मी कायम झाले नव्हते, म्हणजे करार तिच्या बाजूने होता. तिने पोळपाट बाजूला सारला.

"त्याने सही केली? सगळ्यांवर?"

"हो."

"खाली तारीख घातली?"

"वेळसुद्धा."

आईने पदराला हात पुसले. "मग मामाला सहा महिने थांबायला सांगते," ती म्हणाली.

बदली दुसऱ्याच दिवशी झाली. निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही, आणि पुढे पंधरा दिवस लॅबकडून एकही चिठ्ठी आली नाही. लॅबमध्ये दुसरा माणूस आला होता. त्याचं काही म्हणता काही बिघडायचं नाही. तिसऱ्या रविवारी मी आईला सांगून निघाले. दोन बस बदलल्या. दुसरी बस मला थांब्यावर सोडून पुढे गेली. समोर कुंपण, एक बैठी खोली, एक विहीर, त्यात घरघरणारा पंप. बारीक पाऊस लागला होता, भिजवण्याइतकाही नाही. तो बाहेरच्या नळावर हात धूत होता. कोपरापर्यंत.

मला बघितलं आणि नळ बंद करायचं विसरला.

"पाणी वाया जातंय," मी म्हटलं.

त्याने नळ बंद केला. मग आम्ही कुंपणाच्या दगडी कट्ट्यावर बसलो. त्याने चहा केला, तो भयंकर होता, मी सगळा प्यायले. त्याने विचारलं, मी का बोलले त्या दिवशी. मी विचारलं, त्याने स्क्रूड्रायव्हरचं का नाही लिहिलं. दोघांकडेही उत्तर एकच होतं, म्हणून कोणीच दिलं नाही. तो मधेच मला 'तू' म्हणाला, दचकला, सॉरी म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे ना. तुझ्या तोंडी बरं वाटतं."

संध्याकाळ झाली. परतीची बस सव्वासहाला, म्हणून आम्ही थांब्यावर येऊन उभे राहिलो. त्याने एकदा घसा खाकरला, एकदा चष्मा पुसला. मला माहीत होतं, काहीतरी बाहेर पडायचंय, आणि या वेळी मी त्याला कुठलंही हत्यार देणार नव्हते.

"इथे..." तो म्हणाला आणि थांबला. "इथे सगळं नीट आहे. नळ, दार, खिडकी... काहीही बिघडलेलं नाही."

"बरं मग?"

"तरी येशील का? पुढच्या रविवारी?"

हे एवढं विचारायला त्याला एक वर्ष आणि एक बढती लागली होती. मी येईन म्हटलं. येईनच म्हटलं, दोनदा.

तेवढ्यात बस आली. अगदी जवळून, हळू होत, ड्रायव्हरने आमच्याकडे बघतसुद्धा. आम्ही दोघांनी ती जाताना बघितली, आणि दोघांपैकी कोणीही हात केला नाही.